वास येत नाही

नगरपालिकेच्या दूधतपासनीसांना समोर सगळे ‘साहेब’ म्हणत आणि पाठीमागे नुसतं ‘नाक’. गृहस्थ नाकासमोर चालणारे, पण डेअरीच्या दारात एकदम थबकायचे आणि म्हणायचे, “मागच्या नळीत दूध साचलंय.” मालकाने कुरकुरत नळी सोडवावी, तर खरंच सांध्यात आंबट साय! कचेरीत दूध नासलं की रंग बदलणाऱ्या पट्ट्या आल्या, पण पट्टीआधी साहेबांचाच रंग बदलायचा.

मग त्यांना साधा ताप आला, आणि गेला तो नाक घेऊनच. म्हणजे चष्म्याला आधार म्हणून ते जागेवर होतं. वास तेवढा गेला. स्वयंपाकघरात ते पेपर वाचत बसले आणि शेजारी दूध करपून काळं झालं.

बायको धावत आली. “अहो, समोरच्या इमारतीतून विचारतायत काय जळतंय म्हणून! तुम्ही काय समाधी लावलीत?”

“बातमी वाचत होतो.”

बायकोने पेपरात डोकावलं. पान जाहिरातींचं होतं. मग तिने पातेलं उचलून घासायला घेतलं, आणि तेच साहेबांना जास्त लागलं. कचेरीत मात्र त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. अख्ख्या नगरपालिकेत तपासनीस तेवढे एकच.

अशात, सगळे ज्यांना ‘मावशी’ म्हणत त्या बाईंच्या डेअरीची फेरतपासणी निघाली. राज्याच्या पथकाने सडक्या रबरी नळ्या पाहून डेअरी बंद केली होती, दारावर नोटीस लावली होती. आता साहेबांनी ‘स्वच्छ’ असा शेरा दिला की ती सुरू होणार. गाईंना काही नोटीस वाचता येत नव्हती. त्या दूध देतच होत्या आणि मावशी ते गटारात ओतत होत्या.

मावशींनी नळ्या बदलल्या होत्या. फरशी तर अशी घासली होती की साहेब उंबऱ्यातच घुटमळले.

“या हो साहेब. घसरलात तर सून धरील.”

“आणि मी घसरले तर?” सून म्हणाली.

“तू आधी बादली धर!”

पट्टी ठीक निघाली, पण सांध्यातली साय पट्टीला कळत नसे. साहेबांनी टाकीच्या तोटीशी नाक नेलं. काहीच नाही. पुन्हा हुंगलं. हे ‘काहीच नाही’ टाकीचं की आपलं? इथलं दूध बालवाडीत जायचं.

“येतो का वास?” मावशींनी भीत भीत विचारलं.

“मला वास येत नाही.”

“अगं, ऐकलंस का? साहेबांना वास येत नाही!” मावशी ओरडल्या. सून दाराकडे धावली. साहेबांच्या तोंडून पुढचं वाक्य निघेपर्यंत नोटीस अर्धी सोलून झाली होती.

गप्प बसले असते तरी चाललं असतं. शेरा लिहायला नाक लागत नाही.

“मावशी, तसं नाही. मला कसलाच वास येत नाही. तापापासून.”

मावशींना थट्टा वाटली. मग त्यांनी साहेबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. “मग आलात कशाला?”

साहेबांनी पट्टी खिशात घातली. “राज्याचा माणूस मागवतो. आजच सांगतो कचेरीत.”

“तो कधी येणार?”

“ते त्यांच्या हातात.”

“आणि तोवर मी ओततच राहू?”

साहेबांनी मान डोलावली. दारात जाऊन त्यांनी नोटीस तळहाताने सारखी केली आणि दाबून बसवली. डिंक वाळला होता. कोपरा पुन्हा पुन्हा सुटायला लागला. मावशी आतून चिकटपट्टी घेऊन आल्या आणि दातांनी एकेक तुकडा तोडून त्यांच्या हातात देऊ लागल्या.