खिडकीजवळचा बिघडलेला संगणक

माझं अक्षर सुंदर होतं, हे सांगायला मी लाजत नाही. नाशिकच्या ज्या अध्यापक विद्यालयात मी नोकरीला होते, तिथे भावी शिक्षकांना फळ्यावर लिहायला मी शिकवायचे. स्नेहसंमेलनाचे फलक, पाहुण्यांच्या स्वागताची पाटी, प्रमाणपत्रांवरची नावं, सगळं माझ्याच हातचं. नव्वदचं दशक संपता संपता तोच हात थरथरायला लागला. नाशिक रोडच्या डॉक्टरांनी सांगितलं, "जिवाला धोका नाही, पण हे जाणारही नाही." पहिलं अर्धं वाक्य ऐकून नवरा निर्धास्त झाला. दुसरं मी घरी घेऊन आले.

विद्यालयात मी ते कुणाला कळू दिलं नाही. मुलं यायच्या आधी वर्गात जायचं, डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरायचं आणि फळा लिहून ठेवायचा. पण असं किती काळ चालणार? जिला स्वतःला फळ्यावर लिहिता येत नाही, ती बाई शिक्षकांना काय शिकवणार? स्वेच्छानिवृत्ती घ्यावी असं मनात पक्कं होत चाललं होतं. पण शिकवण्याखेरीज मला दुसरं काही येत नव्हतं, आणि हवंही नव्हतं.

त्यातच विद्यालयात संगणक आले. प्राचार्या बाईंनी बोलावून घेतलं. "संगणक कक्ष तुमच्याकडे देतेय."

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, बाई."

"इथे कुणाला कळतंय? तुम्ही निदान हट्टी तरी आहात."

मला वाटलं, यांना हाताचं समजलंय आणि गोड बोलून मला अडगळीत टाकतायत. त्या रागातच मी सातपूरच्या एका क्लासला नाव घातलं. कारखान्यातून थेट आलेली तरणी पोरं शेजारी बसायची आणि माझ्याकडे बघून मावशी-मावशी करत पाण्याची बाटली पुढे करायची. मराठी टाइप करायला शिकले, पण हाताने इथेही पिच्छा सोडला नाही. एक कळ दाबायला जावं तर तीच दोनदा, तीनदा दाबली जायची. 'शाळा' लिहिताना 'शशाळळा' व्हायचं.

आमचा कक्ष म्हणजे देवघर. चपला बाहेर, पडदे ओढलेले, दसऱ्याला प्रत्येक संगणकाला हळदकुंकू आणि झेंडूची माळ. मुलांना पहिलं काम दिलं ते पाठाचं टाचण, म्हणजे उद्या वर्गात काय नि कसं शिकवायचं ते, टाइप करायचं. आमच्याकडे टाचणात खाडाखोड चालत नसे. एक शब्द चुकला की अख्खं पान पुन्हा लिहायचं, ही शिस्त त्यांच्या हाडीमाशी खिळलेली. मग काय, संगणकावरही एक अक्षर चुकलं की बहाद्दर ती फाइलच बंद करायचे आणि शीर्षकापासून नव्याने सुरुवात! पुसता येतं म्हणून मी घसा कोरडा केला, पण कुणाची टाप नव्हती.

सगळ्यात जपून लिहायची ती सुरगाण्याकडची एक मुलगी. डोंगरातल्या शेतकरी घरातली, घरात पहिलीच इतकी शिकलेली. खात्री पटल्याशिवाय ती कुठलीच कळ दाबायची नाही. आमच्या कळफलकावर 'ख' काढायला शिफ्ट दाबून 'क'ची कळ दाबावी लागे. तिने उजवीकडची शिफ्ट एका बोटाने दाबून धरली आणि 'क' शोधत बसली. बराच वेळ. एकदम पडद्यावर एक चौकट आली. घाबरून तिने एन्टर दाबलं आणि त्यानंतर तो संगणक कुणाचं धड ऐकेना. भरभर टाइप केलं तर अक्षरंच उमटायची नाहीत.

"मॅडम, मी काय नाय केलं," ती रडवेली झाली. "ख शोधीत होते फक्त."

खिडकीजवळचा तो संगणक बिघडला म्हणून मुलं दुसरीकडे सरकली. तेवढीच खुर्ची रिकामी होती म्हणून मी तिथे बसले. सावकाश कळ दाबली. 'श' उमटला. एकच. बोट थरथरत पुन्हा पुन्हा त्याच कळेवर आपटत होतं, तरी एकच! 'शाळा' लिहिलं. 'फळा' लिहिलं. एक पूर्ण ओळ लिहिली, स्वच्छ. डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवायला खिडकीबाहेर बघत राहिले. वळले तेव्हा ती मुलगी माझ्या हाताकडे बघत होती. माझ्याकडे बघून तिने नजर खाली वळवली.

आठवड्याने ऐन तासाला दुरुस्तीवाला आला. हसला. "बिघडलेला नाहीये मॅडम. उजवी शिफ्ट बराच वेळ दाबून धरली की ही सोय चालू होते, मग कळ चुकून पुन्हा दाबली गेली तरी अक्षर एकदाच उमटतं. बंद केलीय." मी टाइप करून पाहिलं. 'शशशाळळा'. संगणक बंद करून उठले. आता पुरे, असं ठरवूनच त्या संध्याकाळी घरी गेले.

दुसऱ्या दिवशी तासाला आले तर ती मुलगी खिडकीजवळच्या संगणकापाशी उभी. "बसा मॅडम," म्हणाली आणि आपल्या जागेवर गेली. मी बसले, कळ दाबली. एकच अक्षर. संगणक बंद झाला की ती सोय जायची आणि वीज तर रोजच जायची. म्हणून वर्षभर रोज माझ्याआधी येऊन ती शिफ्ट दाबून धरत होती. माझ्या हाताविषयी तिने एका शब्दाने विचारलं नाही. मीही कधी आभार मानले नाहीत, कारण मानले असते तर लपवलेलं सगळं बोलावं लागलं असतं. निवृत्तीचा अर्ज मी लिहिलाच नाही. सगळ्यांसमोर बसून टाइप करायचे, चुकायचे, पुसायचे. बाईच पुसतात म्हटल्यावर मुलंही पुसायला लागली.

ती तिकडे डोंगरातल्या शाळेवर शिक्षिका झाली. जूनमध्ये नवी तुकडी आली. पहिल्या तासाला मी खिडकीजवळ बसले आणि 'शाळा' लिहिलं. साफ उमटलं. मागे वळून विचारलं, "या संगणकाला कुणी हात लावला होता?"

एक नवी मुलगी घाबरत उभी राहिली. "मी, मॅडम. गावच्या शाळेतल्या ताईंनी सांगितलंय, रोज मॅडम यायच्या आधी शिफ्ट दाबून धरायची."

"का, ते सांगितलं?"

"नाही," ती म्हणाली. "विचारायचं नाही म्हणाल्या."