सारवण ओलं आहे

कुवेतच्या जुन्या आइस रिंकवर बर्फ गुळगुळीत करणारी गाडी चालवायचा तो. नाव मी कधी विचारलं नाही. मुलीला हॉकीला सोडायला रुमैथियातल्या घरून जायचो, तेव्हा दिसायचा. बाहेर ऊन पेटलेलं आणि हा कानटोपी घालून! गाडी बर्फ खरवडून वर पाण्याचा पातळ थर सोडायची. मग तो खाली उतरून दारात आडवा उभा राहायचा, पंजा वर करून. थर गोठेपर्यंत कुणाला आत सोडायचा नाही. खेळाडू वैतागून काठ्या आपटायचे.

एकदा माझ्या मुलीनं पाय पुढे टाकलाच. तो ओरडला, "थांब गो बाय! सारवण ओलं हाय, पाय उमटतील!"

मी चमकलो. रत्नागिरीकडचा असणार. मुलगी म्हणाली, "बाबा, व्हॉट इज सारवण?" शेणानं सारवलेलं अंगण मला काही इंग्रजीत सांगता येईना. मराठीत सांगितलं.

पुढे रिंक पाडायचं ठरलं. शेवटचा सामना संपला, तेव्हा पाडकामवाले दारात येऊन ठेपलेच होते. त्यानं तरीही गाडी काढली.

"अब किसके लिए?" त्यांचा मुकादम खेकसला.

तो एकेक पट्टा सारवत राहिला. मुकादमाचा चेहरा लाल होत चालला. आता हा मार खाणार, असं वाटून मी मुलीचा हात घट्ट धरला. तो उतरला, दारात आला आणि त्यानं पंजा वर केला.

"गीला है."

घण घेतलेली माणसं जागच्या जागी थांबली. मुलगी माझ्या कानाशी कुजबुजली, "बाबा, सारवण ओलं आहे."