दाजी, चंदी आणि फिनाईल

सर्व संबंधितांस कळवण्यास अत्यंत खेद होतो की, नाशिकच्या आमच्या छोट्या प्राणीसंग्रहालयातील ज्येष्ठ रहिवासी श्री. दाजी यांनी नव्या वधूचा कान फाडला असून स्वतः अन्नत्याग केला आहे.

दाजी म्हणजे आमच्याकडचा पाणमांजराचा नर. गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी तिथे पशुवैद्य होतो. दाजीची जोडीदारीण न्यूमोनियाने गेली. पाणमांजरं कळपाने राहतात, एकटी पडली की खंगतात. दाजी समोरचा मासा हुंगायचा आणि तोंड फिरवायचा. बरगड्या मोजता येऊ लागल्या, तेव्हा आम्ही वनखात्याकडून चंदी नावाच्या मादीला मागून आणलं आणि घाईघाईने एकत्र सोडलं. पुढचं वर आलंच आहे.

मग नियमाप्रमाणे इंट्रोडक्शन सुरू केलं. म्हणजे दोघांचे पिंजरे शेजारी, मध्ये सातपूरच्या वर्कशॉपमधून करून आणलेली जाळी. एकमेकांना बघा, हुंगा, सवय करा. पण संध्याकाळपर्यंत जरा निवळलेली मंडळी सकाळी पुन्हा जाळीवर धडका मारायची, जणू काल भेटलीच नव्हती.

अधीक्षक साहेबांनी शनिवारपर्यंत वाट पाहिली.

"सोमवारी जीप येतेय. ही बया परत जाणार."

"साहेब, मग दाजी जगणार नाही."

"आणि हिला मारून टाकलं तर वर उत्तर मी द्यायचं?"

बरोबरच होतं त्यांचं. मी जाळीपाशी जाऊन बसलो. चिंतामण पिंजरा धूत होता. हा आमचा कीपर, सुरगाण्याकडचा, कमी बोलणारा. फिनाईलच्या वासाने माझे डोळे चुरचुरत होते. साहेबांच्या घरी वहिनी दिवसातून तीनदा फिनाईलने फरशी पुसत. साहेब ऑफिसात सातपर्यंत का बसतात, याचं कारण सगळ्या स्टाफला ठाऊक होतं. पण शिस्त म्हणून तोच नियम त्यांनी पिंजऱ्यांना लावला होता.

चिंतामण खराटा थांबवून म्हणाला, "डाक्टर, तुमी रोज तिचा पत्ता पुसून टाकता."

"कसला पत्ता?"

त्याने कोपऱ्याकडे बोट केलं. पाणमांजरं विष्ठा ठरलेल्या जागीच टाकतात. त्या वासावरून कोण आहे, कसं आहे, हे बाकीच्यांना कळतं. "वास नाय, तं वळख नाय," एवढं बोलून तो पुन्हा घासायला लागला. मी त्याच्या हातातून खराटा काढून घेतला.

हे सगळं मी कॉलेजात शिकलो होतो. त्यात मार्कही बरे होते. आणि फिनाईलच्या आदेशाखाली सही माझीच होती.

फिनाईल बंद झालं. चिंतामणने घमेल्यात दाजीचा ऐवज भरून चंदीच्या कोपऱ्यात ठेवला, चंदीचा दाजीकडे. गवताचे बिछानेही बदलले. तेवढ्यात साहेब नाकाला रुमाल लावून आले. घमेल्याकडे बघून त्यांनी विचारलं, हे काय चाललंय. मी शक्य तितक्या गंभीरपणे सांगितलं, "पत्रव्यवहार, साहेब." ते आल्या पावली परत गेले, बहुधा माझ्या बदलीचा विचार करत.

रविवारी सकाळी जाळीवर धडका नव्हत्या. दाजी चंदीच्या गवतात लोळत होता. दुपारी मी मधलं दार वर ओढलं. चिंतामण दोन्ही हातांत जाड गोणपाट घेऊन तयार. चंदी आत आली. दाजीने तिला नाकापासून शेपटीपर्यंत हुंगलं, तिने त्याला. मग ती सरळ त्याच्या कोपऱ्यात गेली आणि आपला पत्ता त्याच्या पत्त्याशेजारी नोंदवून आली. गोणपाट लागलं नाही. संध्याकाळी दाजीने गंगापूर धरणातला आख्खा मासा खाल्ला. दुसरा मागितला, तो चंदीने पळवला, आणि त्याने पळवू दिला.

सोमवारी जीप आली. ड्रायव्हर, साहेब, चिंतामण आणि मी, असे चौघे पिंजऱ्यासमोर उभे राहिलो. आत दोघं एकमेकांच्या अंगावर मान टाकून झोपली होती. घाण वास येत होता. मी साहेबांना सांगितलं, की नवीन जोडीची ओळख करून देताना जागा फार स्वच्छ ठेवू नये, एवढाच यातला धडा.

साहेबांनी नाकावरचा रुमाल सावकाश खाली घेतला. ड्रायव्हरसमोरच बोलून गेले,

"आजपासून घरी पण फिनाईल बंद."