खुणेचा कान

माझ्या सासरी मेंढरं होती. पेडगावच्या शिवारात थोडी कोरडवाहू जमीन, बाकी सगळी भिस्त मेंढरांवर. मी सातवी पास, म्हणून घरात आलेला प्रत्येक कागद माझ्याच हातात पडायचा. असाच एक कागद मी नीट वाचला, सगळं बरोबर आहे म्हणून सांगितलं आणि मामंजींनी अंगठा उठवला. कागदात खरोखरच काही चूक नव्हती.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचं भिजत घोंगडं पडलं होतं, त्या काळातली ही गोष्ट. आमच्या पंचायत समितीचे सभापती नामांतराच्या बाजूच्या सभेत बाजूनं बोलायचे, विरोधकांच्या सभेत विरोधात, आणि दोन्हीकडे हार घालून घ्यायचे. दुष्काळी कामावर झालेला रस्ता बरोबर त्यांच्या मळ्यापर्यंत जाऊन थांबला होता. सरकारी जीप त्यांचा हरभरा मोंढ्यावर विकायला न्यायची. त्यात कुणाला वावगं वाटत नसे. माणूस कामाचा आहे, असं लोक म्हणत.

तर मेंढपाळांसाठी योजना आली. मी वाचलेला कागद तिचाच. वीस मेंढ्या आणि एक नर. थोडे पैसे सरकारचे, थोडं बँकेचं कर्ज, वर जनावरांचा विमा. खरेदीचं काम सभापतींच्या माणसाकडं होतं, त्यामुळं पैसे त्याच्याकडं गेले आणि मेंढ्या कुठूनच आल्या नाहीत. दिवाळीनंतर येतील, असा निरोप आला. मग तपासणीला साहेब आले. आमच्याच मेंढरांतली एकवीस वेगळी काढून त्यांच्या कानात विम्याचे पितळी बिल्ले ठोकले. मामंजींना नवा फेटा बांधून मधे उभं केलं आणि फोटो काढला. अशा रीतीनं आमची मेंढरं सरकारनं आम्हाला दिली.

वर्ष व्हायच्या आत बँकेची नोटीस आली, मामंजींच्या नावावर. सभापतींनी बोलावून धीर दिला. मेंढरं रोगानं मेली असं दाखवायचं, विम्यातून कर्ज फिटतं, डॉक्टरांचा दाखला तयारच आहे. फक्त पुरावा म्हणून बिल्ल्याचे कान कापून आणून द्यायचे.

इथं मामंजी अडले. अंगठा दिला होता, फेटा बांधला होता, फोटोत उभे राहिले होते, त्याचं त्यांना काही वाटलं नव्हतं. पण कान म्हणजे वेगळी गोष्ट. आमच्यात प्रत्येक घराची मेंढराच्या डाव्या कानावर एक चीर असते, ती त्या घराची खूण. दुसऱ्याचं मेंढरू राखायला घेतलं आणि ते रानात मेलं, तर राखणारा तो खुणेचा कान कापून मालकाला नेऊन देतो. ‘तुमचं जनावर गेलं, ही खूण,’ एवढंच म्हणायचं. मालकानं कान हातात घ्यायचा आणि ‘पावलं’, म्हणजे पोचलं, असं म्हणायचं. मग त्यावर कुणी शंका घेत नाही, कधी वाद होत नाही. जित्या मेंढराचा कान कुणी नेऊन दिल्याचं मामंजींच्या ऐकिवात नव्हतं. आणि बिल्ले नेमके डाव्या कानात होते.

दोन दिवस त्यांनी सुरीला हात लावला नाही. मीच त्यांच्या मागं लागले. जमीन जाईल, पोरं उघड्यावर येतील, द्या कान, असं म्हणत राहिले. ते मला आजही खुपतं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःच्या सुरीनं एकवीस कान कापले, प्रत्येक जखमेवर तेल-हळद लावली आणि कान धुतलेल्या धडप्यात बांधले. कागद असला तर वाचायला म्हणून मी बरोबर गेले. सभापती ओसरीवर चहा पीत होते. मामंजींनी धडपं पुढं केलं आणि म्हणाले, “तुमची जनावरं गेली, ही खूण.”

सभापतींना गंमत वाटली. धडपं घेत हसून म्हणाले, “पावलं.”

कर्ज फिटलं. माझ्या लेखी प्रकरण मिटलं. पावसाळ्याच्या तोंडावर मी म्हटलं, त्या एककान्यांतली दहा सोनपेठच्या बाजारात विकू आणि घरावर पत्रे टाकू. मामंजी म्हणाले, ती आपली नाहीत, ती गेली. समोर ती रवंथ करत होती, त्यातल्या दोघी गाभण होत्या. मी लय भांडले. त्यांनी ती विकली नाहीत, कातरली नाहीत, कापली नाहीत, फक्त चारली. त्यांना झालेली कोकरं मात्र आपली मानली, कारण त्यांना दोन्ही कान होते. त्या वर्षी आम्ही गळक्या घरात पातेली मांडून राहिलो, आणि मी मामंजींना जेवायला वाढताना भाकरी जरा आपटूनच वाढायची.

मग सभापतींकडं मंत्र्यांचं जेवण ठरलं. जीप आली, ड्रायव्हर म्हणाला की साहेबांनी तुमच्या त्या एककान्यांतली दहा मागितलीत. मामंजी नाही म्हणाले, तेव्हा त्यानं त्यांना जीपमधे घातलं आणि मीही चढले. मांडवात डॉक्टर होते, बँकेचे साहेब होते, तपासणीचे साहेबही होते. सभापतींनी सगळ्यांसमोर प्रेमानं विचारलं, बाबा, दहा मेंढरांसाठी आडवं लावता का.

मामंजींनी हात जोडले. त्यांना कुणाचं उणं काढायचं नव्हतं, ते खरोखरच अडचणीत पडले होते.

“साहेब, ती तर मेली हायत,” ते म्हणाले. “कान तुमीच घेतलाव, पावलं म्हणलाव. मेलेलं पाव्हण्याला कसं खाऊ घालू?”

डॉक्टर पेल्यातलं पाणी न्याहाळू लागले. बँकेच्या साहेबांना बाहेर काही काम आठवलं. त्या दिवशी मंत्र्यांना वांग्याची भाजी आणि जिलेबी वाढली, आणि ती त्यांना आवडली असं ऐकलं.

सभापती पुढं जिल्ह्याच्या मोठ्या पदावर गेले. आमचं नाव त्यानंतर कुठल्याही यादीत आलं नाही. भाकरी आपटणं मात्र मी त्या संध्याकाळपासून सोडलं.

एककानी एकेक करून म्हातारी होऊन मेली. शेवटची मेली तेव्हा मामंजी सवयीनं सुरी घेऊन तिच्या डोक्याशी बसले. डावीकडं हात फिरवला. तिथं काही नव्हतं. मग मला विचारलं, “सूनबाई, हिची खूण आता कुणाला द्यायची?”

मला सातवीपर्यंतचं सगळं वाचता येत होतं. हे कुठल्याच कागदात लिहिलेलं नव्हतं.