बॅटरी माझ्या मांडीवर होती

मी तोंडाचा फटकळ माणूस आहे, हे आधीच सांगून ठेवतो. भूत, करणी, बाहेरची बाधा... असलं काही कुणी काढलं की माझा एकच प्रश्न असतो – "मल्टीमीटर लावून पाहिलात का?" कसबा पेठेत दुसऱ्याच्या दुकानात टेपरेकॉर्डर उघडत शिकलो, नंतर बिबवेवाडीत स्वतःचं कंट्रोल पॅनेलचं वर्कशॉप टाकलं. जे मोजता येत नाही, ते माझ्या टेबलावर येत नाही. तरी हे लिहितोय, कारण खडकवासल्याच्या पाण्यावर होड्या ठेवणाऱ्या मंडळींत मी अजून 'तो थापाड्या शिंदे' आहे. आणि ज्याला खरं माहीत आहे, तो गप्प बसलाय.

खराडीत शेतं जाऊन काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, तेव्हाची गोष्ट. तिथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीतले अभ्यंकर साहेब अमेरिकेत काही वर्षं काढून आले होते. त्यांनी शिडाची होडी घेतली होती, आणि ती मुंबईला नेऊन एकट्याने समुद्रातून गोव्यापर्यंत जायचं त्यांच्या मनात होतं. एकट्या माणसाने सुकाणू धरायचं कधी आणि झोपायचं कधी? म्हणून त्यांनी तिकडून येतानाच ऑटोपायलट आणला होता – होकायंत्राची एक डबी, आणि सुकाणूच्या दांड्याला जोडायची मोटरची दांडी. दिशा सांगायची, दांडी आतबाहेर होत होडी सरळ ठेवते.

"दोन वायरी तर जोडायच्यात, शिंदे," साहेब म्हणाले.

"मग जोडा की तुम्हीच. इथवर कशाला आलात?"

तासभर घासाघीस झाली, आणि शेवटी माझ्याच दरावर आले. पण निघताना सोबत आलेल्या त्यांच्या बायकोने, मेधावहिनींनी, मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "अहो, हे यंत्र नीट चालतंय असं तुम्ही सांगितलंत तरच मी यांना जाऊ देणार आहे. ते काहीही म्हणोत. मी तुम्हाला विचारणार."

ही जबाबदारी मी मागितली नव्हती.

पहिल्या रविवारी खडकवासल्याला जाऊन होडीवर सगळं बसवलं. पाण्यावर गेलो तर होडी सतत डावीकडे. दुसऱ्या रविवारी वायरिंग नव्याने केलं, तरी तेच. तिसऱ्या रविवारी मी वैतागून केबिनमधली गादीच उचलली. होकायंत्राच्या डबीला अगदी चिकटून, लाल फडक्यात बांधलेली घोड्याची नाल! चांगलं अर्धा किलो लोखंड. होकायंत्राशेजारी लोखंड ठेवल्यावर ते दिशा काय सांगणार, कपाळ?

मी जेट्टीवर येऊन आरडाओरडा केला. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "मी ठेवली. नजर लागू नये म्हणून."

"वहिनी, या नालेच्या भरवशावर साहेब गोव्याऐवजी एडनला लागले असते."

त्यांनी नाल पदराखाली घेतली. मला थोडं वाईट वाटलं. पण कारण सापडलं होतं, त्यामुळे फार नाही.

चौथा रविवार. सकाळचे अकरा, लख्ख ऊन. होकायंत्र आता बरोबर दाखवत होतं. पाण्यात लांबवर गेलो, जेट्टीची दिशा दिली, बटण दाबलं... आणि होडी झिंगल्यासारखी. कधी इकडे, कधी तिकडे. साहेब पुढे शिडाच्या दोरीपाशी बसले होते. तिथूनच म्हणाले, "पॅनेलवाल्याला होडीचं काम दिलं, ही माझीच चूक."

माझं डोकं सटकलं. केबिनमध्ये गेलो, बॅटरीच्या दोन्ही क्लिपा ओढून काढल्या, बॅटरी उचलून बाहेर आणली आणि मांडीवर घेऊन बसलो. म्हटलं, आता धरा स्वतःच सुकाणू.

हे मनातच राहिलं. कारण होडी सरळ झाली होती.

डिस्प्ले काळा होता. मोटरचा आवाज नव्हता. आणि दांडी हलत होती – थोडी बाहेर, थोडी आत, वाऱ्याच्या प्रत्येक झोताला बरोबर तेवढीच. वाचणाऱ्यांना सांगतो, त्या दांडीच्या आत बारीक आट्यांचा स्क्रू असतो. करंट नसेल तर दोन माणसांनी रेटली तरी ती हलत नाही. मी उजवा तळहात लावला. तिने माझा हात हळूच मागे ढकलला. वीस मिनिटं मी तसाच बसलो होतो. बॅटरी मांडीवर, पँटला ॲसिडचा वास.

"आता कसं!" साहेब मागे वळूनही न पाहता म्हणाले. "ओरडल्याशिवाय काम होत नाही तुम्हा लोकांचं."

जेट्टीला लागलो. वहिनी उभ्याच होत्या. "जमलं?"

"एकदम," साहेब म्हणाले.

वहिनी माझ्याकडेच बघत होत्या. 'हो' म्हटलं असतं तर माझं नाव झालं असतं. मी म्हणालो, "वहिनी, होडी सरळ आली. पण बॅटरी माझ्या मांडीवर होती. कशावर चाललं, मला माहीत नाही. मी हमी देत नाही."

साहेबांचा चेहरा लाल झाला. चारचौघांत म्हणाले, पैसे वाढवून घ्यायला हा माणूस बायकांना घाबरवतो. त्या दिवसापासून मी थापाड्या. त्यांनी मुंबईहून कंपनीचा माणूस बोलावला, त्याने सगळं तपासून लेखी दिलं, आणि साहेब निघाले. गोव्याला पोचले नाहीत. चौथ्या दिवशी मुंबईलाच परतले, धडधाकट. वारा फिरला म्हणून परतलो, असं सगळ्यांना सांगितलं.

वर्षभराने भर दुपारी ते माझ्या वर्कशॉपमध्ये आले. चहा सांगितला, तो तसाच निवला.

"शिंदे, त्या दिवशी... बॅटरी खरंच काढली होतीत?"

"थापाड्या माणसाला कशाला विचारता?"

त्यांनी कप बाजूला सरकवला. मग म्हणाले, "दुसऱ्या संध्याकाळी माझी बॅटरी बसली. डिस्प्ले बंद. दांडी मात्र चालू होती. मला वाटलं, थोडा करंट असेल. झोपलो. गोव्याला जाताना किनारा डाव्या हाताला असतो ना... सकाळी उठलो तर तो उजव्या हाताला होता."

"मग वळवायची होती."

"तीनदा वळवली. तिन्ही वेळा तिने परत फिरवली. शेवटी मी हातच काढून घेतला."

मी विचारलं, "हे तिकडे धरणावर सांगाल का? माझ्यासाठी?"

"वेडा म्हणतील हो मला. आणि मेधाला तर अजिबात कळता कामा नये."

"मला म्हणतात ते चालतं तुम्हाला?"

ते उठून गेले. मी कुणाला सांगणार नाही असा शब्द त्यांनी मागितला नाही, मीही दिला नाही. तसली दांडी पुढे मी दोनदा उघडून पाहिली, स्क्रूचे आटे मोजले, इंजिनिअर मंडळींना विचारलं. सगळे एकच सांगतात – करंटशिवाय हलणं शक्य नाही. मीही तेच सांगतो. आणि सांगताना उजवा तळहात पँटला पुसतो, हे परवा माझ्या बायकोने दाखवून दिलं.