आईच्या हनुवटीला टेकवलेलं वजन

काथ्याच्या दोरीचा वास आला की मला हेंद्रेपाड्यातल्या आमच्या सोसायटीचा हॉल आठवतो आणि कान गरम होतात. मोबाइलवर सापाचा गेम खेळायचे ते दिवस. मी नुकताच भौतिकशास्त्रात पीएचडीला लागलो होतो, आणि बाबांनी अंबरनाथच्या फॅक्टरीतल्या मित्रांनाही "आमचा सायंटिस्ट" बघायला बोलावलं होतं. मुलांचा कॅरम बाजूला सारून मी पंख्याच्या रिकाम्या हुकाला दोरी बांधली, तिला किराणावाल्याचं पाच किलोचं वजन लटकवलं आणि भिंतीला पाठ लावून ते हनुवटीला टेकवलं. "नुसतं सोडलं, ढकललं नाही, तर परत येताना ते इथून पुढे येणारच नाही. विज्ञानावर विश्वास ठेवा," असं ऐटीत सांगून मी वजन सोडलं. ते पलीकडे गेलं, वळलं, तोंडावर येऊ लागलं आणि मी मटकन खाली बसलो. "सायंटिस्ट तो फट्टू निकला!" एक मुलगी ओरडली आणि सगळा हॉल हसला. बाबा तेवढे चपला शोधू लागले. इतक्यात आई उठली आणि पदर खोचून माझ्या जागी उभी राहिली. "आई, राहू दे ना," मी पुटपुटलो. "लागणार नाही म्हणालास ना? मग सोड." मी सोडलं. वजन तिच्या चेहऱ्यापाशी येऊन मागे फिरलं. तिची पापणीही हलली नाही. टाळ्या वाजत होत्या आणि मी खाली मान घालून दोरीची गाठ सोडवत होतो. आता दरवर्षी वर्गात हा प्रयोग करताना मी हलत नाही, पण तेव्हा तिला भीती वाटली होती का, हे विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.