पहिलीच्या बाईंची टीईटी

अस्मिता हिवाळे वर्गात असते तेव्हा जेमतेम अर्धी वर्गात असते, उरलेली अर्धी खिडकीबाहेर. हे मी तिला तोंडावर सांगते, पाठीमागे बोलायची मला सवय नाही. कांजूरमार्गला पूर्वेच्या अंगाला आमची शाळा, मराठी माध्यमाची, अनुदानित. तिच्या पहिलीच्या वर्गाची खिडकी मिठागरांकडे उघडते. दुपारी तिथलं पाणी इतकं पांढरं आणि निवांत होतं की आभाळ कुठे संपलं तेच कळत नाही. बाई फळ्यावर 'क' काढत असतात आणि 'क'च्या पोटातच थांबतात. मग पोरंही थांबतात. सगळा वर्ग मिळून पाण्याकडे बघत बसतो, आणि शेजारच्या चौथीतून मी आवाज देते, "अस्मिता, तास चालू आहे गं."

माझा आवाज मोठाच आहे. आई भांडुपच्या बाजारात मासळी विकायची, तिच्याकडून दागिने नाही आले, आवाज आला. तीस वर्षं त्याच आवाजावर चौथीचे वर्ग काढले. अस्मिताचा आवाज मात्र दुसऱ्या बाकापर्यंत पोचला तरी खूप. तरीही तिची पोरं दिवाळीनंतर घडाघडा वाचायला लागतात, आणि कशी लागतात ते मला अजून उमगलेलं नाही.

तिचा एकच नियम. आधी पाटीवर, मग वहीत. पाटीवर हव्या तेवढ्या चुका करा, पुसा, परत काढा, कोणी विचारणार नाही. जमलं की मगच ते वहीत जाणार. काही पोरांची वही महिनोन्‌महिने कोरी राहते. पालक भांडायला येतात, "बाई, वहीत काहीच कसं नाही?" ही आपली हसते आणि म्हणते, "येईल, अजून पाटीवर आहे." पालकांचं डोकं फिरतं. माझंही फिरायचं.

अशी तिची नोकरी छान तंद्रीत चालली होती. मग एका दुपारी मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, सगळ्यांना स्टाफरूममध्ये बोलावलं. कोर्टाचा निकाल आला होता. नोकरीत असलेल्या शिक्षकांनीही आता टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हायची. मुदत दोन वर्षं. नाही झालात तर घरी. ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून कमी उरलीत, त्यांना तेवढी सूट.

मी मनातल्या मनात हिशोब केला आणि खुर्चीत मागे रेलले. सुटले बाई. झकास. डी.एड. केलं, दर उन्हाळ्यात प्रशिक्षणं केली, मोबाईलवरचे ते कोर्स केले, आता अजून कसली पात्रता दाखवायची? पण अस्मिताकडे बघितलं तर तिच्या तोंडचं पाणी पळालेलं. तिची अजून चौदा वर्षं बाकी. घरात ती आणि कॉलेजात जाणारी मुलगी निशा, दोघीच.

"शकुताई," ती जिन्यात म्हणाली, "मला पहिली शिकवण्याशिवाय काहीच येत नाही गं. इथून काढलं तर मी कोण?"

मी म्हटलं, "काढतायत कशाला? अभ्यास कर आणि पास हो. खिडकीत बसून पास होत नाहीत." बोलले खरी, पण मला भीती वाटत होती. बाई परीक्षेत तंद्री लावून बसली तर?

तंद्री नाही लावली तिने. त्याहून भारी केलं. परीक्षा झाली, ती बाहेर आली, चेहरा उजळलेला. "सगळं येत होतं," म्हणाली. मला हायसं वाटलं. वडापाव खाता खाता मी सहज विचारलं, गोल नीट काळे केलेस ना? कारण हल्ली उत्तरपत्रिकेवर नुसते गोल असतात, बरोबर उत्तराचा गोल पेनाने काळा करायचा, आणि मशीन तेवढंच बघतं. तिचा हात तोंडाशीच थांबला.

बाईंनी अख्खा पेपर आधी प्रश्नपुस्तिकेत सोडवला होता. प्रत्येक उत्तरावर बारीक खूण. दोन-तीनदा बदललं, खात्री केली. मग म्हणे निवांत उत्तरपत्रिकेवर उतरवायला घेतलं, आणि अर्ध्यावर आली तेवढ्यात वेळ संपली. आधी पाटीवर, मग वहीत. निम्मी वही कोरीच गेली.

मला इतका संताप आला की मी रस्त्यातच तिला झापलं. "अगं पहिलीतली आहेस का तू?" ती रडली नाही. म्हणाली, "वीस वर्षं पहिलीतच आहे की." निकाल लागला तेव्हा ती नापास होती, आणि मुदतीतली पुढची परीक्षा तेवढी हातात होती.

मग आमच्या संध्याकाळी सुरू झाल्या. शाळा सुटली की मी तिला घेऊन मिठागरांच्या कडेच्या रस्त्याने चालायची आणि प्रश्न विचारायची. बालमानसशास्त्र, गणित, परिसर अभ्यास. ती उत्तरं द्यायची, मध्येच गप्प व्हायची. अशीच एकदा गप्प होऊन म्हणाली, "शकुताई, इंडोनेशियातही असंच आहे."

"काय आहे?"

तिने मोबाईलवर वाचलं होतं. तिकडच्या शिक्षकांनाही आधी पदवी लागते, मग शिक्षकी पेशाचा वेगळा कोर्स, त्याची परीक्षा, तेव्हा कुठे सर्टिफिकेट हातात. कायदा आला तेव्हा वर्षानुवर्षं शिकवणाऱ्या जुन्या शिक्षकांनाही ते मिळवावं लागलं. "तिथेही असेल एखादी पहिलीची बाई," अस्मिता म्हणाली. "छोटं बेट असेल. शाळेच्या पायरीपर्यंत पाणी येत असेल. आपल्याआधी अंधार पडतो तिकडे. आता तिने दिवा लावला असेल, पुस्तक उघडलं असेल."

मी म्हटलं, "तुझं पुस्तक बंद आहे, ते उघड आधी."

पण त्यानंतर ती बाई रोज आमच्यासोबत चालायला लागली. अस्मिता तिला रोज थोडी थोडी वाढवायची. तिला दोन वेण्या आहेत. तिच्या वर्गात एक पोरगी आहे, तिला सगळं येतं पण ती बोलत नाही. बाई होडीने शाळेत जाते, आणि होडीत पाठांतर करते. खाडीवर उजेड मावळत असायचा, लांबवर पाण्यात रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग उभी असायची, आणि ही अर्ध्या आवाजात ते बेट सांगत असायची. मी चिडायचे. मग चिडायचं विसरायचे. शप्पथ सांगते, एकदा मीच विचारलं, "काल तिला तो गणिताचा धडा जमला का गं?" अस्मिताने माझ्याकडे बघितलं आणि गंभीरपणे म्हणाली, "जमला."

पुढची परीक्षा जाहीर झाली तेव्हा मीही फॉर्म भरला. मोठ्या बाई म्हणाल्या, "शकुंतलाबाई, तुम्हाला सूट आहे, कशाला त्रास?" मी सांगितलं, हिच्यावर लक्ष ठेवायला. तिचा नंबर एका केंद्रावर आणि माझा दुसऱ्यावर आला असता, तर तिला शेवटचं बजावताच आलं नसतं. नशिबाने केंद्र एकच निघालं, घाटकोपरला. गेटवर मी तिचे दोन्ही खांदे धरले. "एक प्रश्न, लगेच एक गोल. पाटी नाही. मधे काही नाही. समजलं?" ती पहिलीतल्या पोरीसारखी मान हलवून आत गेली.

मी माझ्या वर्गात बसले. सुरुवात झकास झाली, पटापट गोल काळे करत सुटले. मग एक प्रश्न आला. वर्गात एक मूल आहे, त्याला उत्तरं येतात पण ते कधीच बोलत नाही, तर शिक्षकाने काय करावं? खाली चार पर्याय. मी पर्याय वाचले आणि मला ती बेटावरची पोरगी दिसली. खरंच दिसली. पायरीवर बसलेली, पाय पाण्यात. तिच्या मागे माझ्या चौथीतले एकेक जण उभे राहिले, ज्यांना मी माझ्या या आवाजाने उत्तर द्यायला लावलं होतं, आणि जे तेव्हा बोलले होते आणि मग वर्षभर बोललेच नव्हते. कुठून कुठून आली पोरं. काहींची नावं आठवली, काहींचे नुसते चेहरे. पाणी हळूहळू पायरी चढत होतं आणि कोणालाच घाई नव्हती. मलाही नव्हती. इतकं शांत मला कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं. वेळ संपली म्हणून पर्यवेक्षक बाईंनी बाकावर टकटक केलं तेव्हा माझी निम्म्याहून जास्त पानं उलटायची राहिली होती.

अस्मिता बाहेर आली. बोटांना काळी शाई. "सगळे गोल भरले," ती म्हणाली. "मी वर बघितलंच नाही, शकुताई. खिडकी होती, पण बघितलं नाही." मला तिला मिठीत घ्यावंसं वाटलं, आणि घेतलंच.

निकाल लागला. ती पास, मी नापास. स्टाफरूममध्ये पेढे आले, अस्मिताचे डोळे भरून आले, आणि मोठ्या बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "आता निवृत्तीपर्यंत तुला इथून कोणी हलवत नाही," त्या म्हणाल्या. तिच्या सर्टिफिकेटची प्रत फाईलला लावायची म्हणून मागितली. मीही उभी होते शेजारी. मी म्हटलं, "आणि बाई, मी गेले नापास." सगळे हसले, मीही हसले. मोठ्या बाई प्रेमाने म्हणाल्या, "तुम्हाला काय फरक पडतो? तुमची आता थोडीच राहिलीत."

खरंच होतं ते. माझा निकाल कोणाच्या खिजगणतीत नव्हता. पास झाले असते तरी नसता. मी पेढा परत खोक्यात ठेवला. तशीच उठले आणि जो पहिला रिकामा वर्ग दिसला त्यात जाऊन बसले. पहिलीची बाकं बुटकी, गुडघे छातीशी येतात. तशीच बसून मी रडले. एवढ्या मोठ्या आवाजाची बाई, आवाज न करता.

अस्मिता शोधत आली. माझ्याकडे बघून तिचा चेहराच उतरला. "अगं, पुन्हा बसू आपण," ती म्हणाली. "मी येते सोबत. रोज चालू, मी तुझा अभ्यास घेते. होशील पास."

"मला पास नाही व्हायचंय गं," मी म्हटलं. "मला इथे थांबायचंय."

ती माझ्या शेजारी त्या बुटक्या बाकावर बसली. घंटा झाली, व्हरांड्यात पोरांचा गलका सुरू झाला, तरी आम्ही दोघीही उठलो नाही.